बिबट्याचे घड्याळ

आमच्या लहानपणी दिवेलागण ही परवचा म्हणण्याची वेळ होती. जुन्नर-अकोल्याच्या उसाच्या मुलखात ती आता बिबट्याची वेळ झाली आहे. दिवसभर तो उसात पडून असतो. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायकांना त्याचा पत्ताही नसतो. अंधार पडून माणसे घरात गेली की कुत्र्या-शेळ्यांच्या मागाने तो थेट वस्तीशी येतो.

निशाचर म्हणून आपण मोकळे होतो. पण जिथे माणसाचा त्रास नाही, तिथे हाच प्राणी दिवसाउजेडीही हिंडतो. २०१८ साली जगभरातल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांची निरीक्षणे एकत्र मांडली गेली, तेव्हा माणसाच्या शेजाराने त्यांचा रात्रीचा वावर वाढलेला दिसला. अंधारात चमकणारे डोळे बिबट्याला युगांनी दिले खरे; रोजचे वेळापत्रक मात्र आपण लावून दिले!

वर्षाचेही तसेच. दिवाळीच्या सुमारास कोयते उसात शिरतात, आडोसा फडाफडाने सरत जातो, आणि एखाद्या सरीत बछडी सापडतात. ती तिथेच ठेवली तर रात्री मादी येऊन बहुधा उचलून नेते.

मला काळजी वाटते ती दारे धरणाऱ्याची. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रपाळीला येते. मग तो बॅटरी घेऊन एकटाच उसात शिरतो, खाली वाकून सरीला पाणी वळवतो. बिबट्याने माणूस टाळायला निवडलेली वेळ नेमकी तीच असते. दिवसा वीज द्या, असे तिकडचे शेतकरी मागतात, ते काही सुखाची झोप मिळावी एवढ्यासाठी नव्हे.