बटणाचे घर

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीला आमच्या इंग्रजीच्या सरांकडे घेऊन गेलो. वाटेत तिला दोनदा बजावले, की कोणत्या शाळेत आहेस असे आजोबांनी विचारले तर नुसते ‘पाचवीत आहे’ एवढेच सांग. मराठी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या आणि मराठीतच कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाची मुलगी इंग्रजी माध्यमात जाते, ही गोष्ट पंचेचाळिशी उलटल्यावरही मला सरांपासून लपवावीशी वाटत होती. गंमत अशी, की सर काही मराठीचे शिक्षक नव्हेत. एकाच हायस्कुलात ३६ वर्षे त्यांनी इंग्रजी शिकवले.

त्यांनी स्वतः ए बी सी डी गिरवली ती १९५३ साली, आठवीत गेल्यावर. त्या वेळच्या मुंबई राज्यात खालच्या इयत्तांतून इंग्रजी काढून टाकले होते. पुढे सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून ते बी. ए. झाले, मग बी. टी., आणि १९६२ साली आमच्या तालुक्याच्या गावी आले ते तिथलेच झाले. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० साली ते पहिलीपासून झाले. माझी मुलगी तर साडेतीन वर्षांची असतानाच गळ्यात पाण्याची बाटली अडकवून नर्सरीत जाऊ लागली. पिढीगणिक इंग्रजी असे खाली खाली उतरत आले. सरांना मात्र ते केव्हा सुरू होते याची फारशी चिंता कधी नव्हती. मुलाजवळ सांगण्यासारखे काही आहे की नाही, एवढेच ते पाहत.

सर नवे होते तेव्हा ‘स्ट्रक्चरल’ पद्धतीची चलती होती. शब्द मोजके, वाक्यांचे साचे ठरलेले. मास्तरांनी पुस्तक हातात धरून ‘धिस इज अ बुक’ म्हणायचे आणि मागोमाग साऱ्या वर्गाने तेच म्हणायचे. सर सांगत, “पहिला आठवडा मीही म्हटलं. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा हळूच म्हणाला, ‘सर, दिसतंय की!’” त्या पोराला ते आपला गुरू मानीत. दुसऱ्या दिवशी ते घरून भाजीची पिशवी घेऊन आले. तिच्यात कुलूप, लिंबू, खडू, बांगडी असे काहीबाही. एकाने आत हात घालायचा, चाचपायचे, आणि इतरांना सांगायचे. आता ‘धिस इज अ लेमन’ म्हणण्याला काही कारण होते. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हते!

आमच्या वेळेपर्यंत पिशवी (तीच, की तिची नात, देव जाणे) चालू होती. एकदा कोणा द्वाडाने तिच्यात बेडूक सोडला. ‘व्हॉट इज धिस?’ हा प्रश्न त्या दिवशी ज्या कळकळीने विचारला गेला, तसा पुन्हा कोणत्याही वर्गात मी ऐकला नाही. सर रागावले नाहीत. बेडकाचे स्पेलिंग तेवढे फळ्यावर लिहिले.

नववीत मी गाईडातला पावसाळी दिवसाचा निबंध घोकून गेलो होतो. एक चूक नव्हती. सरांनी शून्य दिले. मी रडकुंडीला आलो, तेव्हा म्हणाले, “गाईडाचे मार्क गाईडाला दिले, तुझे तुला. वडील काय करतात तुझे? पाच वाक्यं लिहून आण.”

माझे वडील शिंपी. रात्री कंदिलाजवळ बसून मी लिहू लागलो (वीज आमच्याकडे होती, पण असण्यापेक्षा नसायची अधिक) आणि तिसऱ्या वाक्याला अडलो. काज या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात? डिक्शनरी नव्हती. वडिलांना विचारले, तर दातांत दोरा धरून ते म्हणाले, “काज म्हणजे काज!” शेवटी मी लिहिले, की माझे वडील बटणासाठी छोटे घर करतात.

वहीत नऊ चुका होत्या. मी नंतर मोजल्या. सरांनी एकीलाही हात लावला नव्हता. त्या एका वाक्याखाली मात्र निळ्या शाईची रेघ होती. “इंग्रजीत याला बटनहोल म्हणतात,” ते म्हणाले. “त्यांना भोक दिसलं, तुला घर दिसलं. दोन्ही लक्षात ठेव.” मी पुढे गोष्टी लिहू लागलो त्याचे मूळ कोणी विचारले, तर मला ती रेघच आठवते.

याचा अर्थ सरांच्या हातून सगळी मुले पार पडली असा नव्हे. त्यांच्या वर्गाचा निकाल बेताचाच लागे. पालक कुरकुरत, चालकही बोलून दाखवीत, आणि हुशार मुले गुपचूप शिकवणीला जात. बोर्डात मला इंग्रजीत ४१ गुण मिळाले. गाईड घोकले असते तर पंचावन्न पडते. कदाचित कॉलेजही दिसले असते. दहावीवर चित्रकलेची पदविका घेऊन मास्तर झालेल्या मला हा हिशेब कधी कधी रात्री छळतो. मुलीला कोणत्या शाळेत घालायचे हे ठरवताना तोच हिशेब माझ्या मनात होता, हेही कबूल करतो.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलीने उंबऱ्यातच शाळेचे नाव सांगून टाकले. मी कोपऱ्यातल्या माठाकडे पाहू लागलो. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी तिला एक पाठकोरा कागद दिला आणि विचारले, “बाबा काय करतात तुझे? पाच वाक्यं लिही बघू. इंग्रजीतच लिही.”

आम्ही चहा पीत होतो तोवर तिने कागद पुढे केला. सरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग मी वाचला. बाबा चित्रकला शिकवतात. रात्री ते गोष्टी लिहितात. त्यांची पुस्तके मराठीत आहेत. मला अक्षरे वाचता येतात, पण पुस्तक वाचता येत नाही. बाबा मला कधी वाचून दाखवत नाहीत.

“एकही चूक नाही रे,” सर म्हणाले.