बलू

नाव ठाऊक नसते तोवर अक्षर हे नुसते अक्षर असते. एकदा नाव कळले, की ते पिच्छा सोडत नाही. माझे 'बलू'च्या बाबतीत तसेच झाले.

बलू हा फॉन्ट. 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने तो रेखला आणि २०१६ च्या सुमारास सर्वांना फुकट वापरायला दिला. जाड, गोलमटोल, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. नाव ऐकून 'जंगल बुक'मधले अस्वल आठवावे, तसेच अंग. गंमत अशी, की इतर लिप्यांत त्याचे सख्खे भाऊ आहेत: गुजरातीत 'बलू भाई', बंगालीत 'बलू दा', गुरुमुखीत 'बलू पाजी', तमिळमध्ये 'बलू तंबी'.

आमच्या जवळा बाजारात तो कुठे नाही? रसवंतीवर आहे, खताच्या दुकानावर आहे, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर हमखास. पूर्वी पाट्या पेंटर रंगवीत. 'ज'चे वळण पाहून जाणते लोक पेंटरचे नाव सांगत. आता सारी पाटी बलूच लिहितो.

गेल्या पौषात आमचे आबा गेले. दादाने मोबाईलवरच फलक जुळवला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली आबांचे नाव, दोन्ही बलूत! मला ते सोसवेना.

"दादा, हे अक्षर बदल. हे हसरं आहे."

"अक्षर कधी हसतं का रे?"

मी त्याला कमल शेडग्यांबद्दल सांगितले. २०२० साली निवर्तलेल्या या अक्षरकाराने मराठी नाटकांची नावे रेखताना त्या त्या नाटकाचा स्वभाव अक्षरांत उतरवला. दादाने ऐकून घेतले आणि फलक छापायला पाठवला.

तेरवीच्या दिवशी आजी ओसरीवर बसली होती. तिला मोतीबिंदू, वर्तमानपत्र कधीच सुटलेले. समोरचा फलक तिने तिथूनच, एकेक अक्षर लावत वाचला. आबांचे पूर्ण नाव, मोठ्याने. जन्मभर नवऱ्याचे नाव न घेतलेली आजी! आत्या रडू लागली. दादा माझ्याकडे पाहत होता. बोलला मात्र काही नाही.

बारीक, नाजूक अक्षर असते तर आजीला ते दिसलेच नसते, हे मला मान्य आहे. तरीही वाढदिवस आणि तेरवी एकाच अक्षरात असावीत, हे अजून पटत नाही. बलूचा यात काय दोष? तो बोलावले तिथे आला. 'एक टाइप'चाच 'मुक्ता' नावाचा दुसरा फॉन्ट आहे. तोही फुकट, साधा, सरळ, आणि हवा तर चांगला जाडही.

वर्षश्राद्धाचा फलक मुक्तात करायचे आम्ही ठरवले आहे. आजीच्या जागेवरून वाचता आला पाहिजे, ही दादाची अट.