सातही दिवस

मुलांच्या शारीरिक हालचालीची पाहणी करताना जगभर एक ठरलेला प्रश्न विचारतात : गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस तू किमान ६० मिनिटे अंगमेहनतीचे काही केलेस? सिंदेवाही तालुक्यातल्या सातवीतल्या एका मुलीने मला लगेच उत्तर दिले, ‘सातही दिवस.’ काय केलेस, असे विचारल्यावर तिने सांगितले : सकाळी बोअरिंगवरून पाणी, मग शाळेची वाट, सुटीच्या दिवशी आईसोबत सरपण, धानाची रोवणी सुरू झाली की बांधीत. दम लागतो का? ‘लागते न जी, चढावर.’ आणि खेळ? शाळेत कधीमधी खो-खो. घरी गेल्यावर नाही, लहान भाऊ सांभाळायचा असतो.

कागदावर ही मुलगी उत्तीर्ण झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडा-स्नायूंना जोर देणारी. संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांचे अंदाज प्रसिद्ध केले, तेव्हा ८१ टक्के मुले या मर्यादेच्या खाली निघाली. भारताचा आकडा ७४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जगापेक्षा बरा. याची कारणे देताना त्यांनी मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळांच्या वेडाकडे बोट दाखवले. मुलींच्या बाबतीत कारण दिले घरकामाचे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांमधून मुलांची वाढ तपासताना मला हे कारण बोचत राहते. हंडा वाहणारी मुलगी आणि लगोरी खेळणारी मुलगी पाहणीत एकाच रकान्यात बसतात, शरीराला मात्र दोन्ही एक नव्हेत. खेळात मूल धावते, थांबते, उडी मारते, वळते, दमले की बाजूला बसते. हाडांना असाच उलटसुलट, झटक्यांचा जोर लागतो. आयुष्यभर पुरवायच्या हाडांतला जवळजवळ चौथा हिस्सा वयात येण्याच्या आगेमागे दोन वर्षांत तयार होतो. नेमक्या त्याच दोन वर्षांत आमच्या मुलींचे खेळणे सुटते. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन चालताना उडी नसते, वळण नसते, आणि दमले म्हणून मध्येच बसण्याची मुभाही नसते.

शिवाय प्रश्न पोटाचा आहे. पुरेसे न खाता मेहनत केली तर ती ऊर्जा कुठून तरी कापली जातेच, आणि मुलांच्या बाबतीत ती वाढीतून कापली जाते. मोहफूल वेचायला पहाटे निघालेले मूल उपाशीच निघते. त्यातून रक्त कमी असले की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, मग ते मूल मैदानाच्या कडेला बसून राहते आणि शिक्षक त्याला आळशी म्हणतात. आमच्याकडे अशा मुलाला रागावण्याआधी त्याच्या पापणीचा आतला भाग पाहावा. तो पांढुरका दिसला तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

सिकलसेलविषयी इथे थांबून सांगितले पाहिजे, कारण या पट्ट्यात तो घरोघरी माहीत असलेला आजार आहे. निदान झाले की त्या मुलाला खेळातून कायमचे उठवतात. हे चूक आहे. अतिश्रम, पाणी कमी पडणे, एकदम थंडी लागणे यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, हे खरे. पण दर १५-२० मिनिटांनी पाणी, सावली, हवी तेव्हा विश्रांती आणि शर्यतीचा दबाव नाही, एवढे सांभाळले तर बहुतेक मुले आपल्या डॉक्टरांना विचारून खेळू शकतात. बाटली घेऊन खेळणारे मूल वर्गाला विचित्र वाटू नये, म्हणून मी शिक्षकांना सांगतो की सगळ्यांनाच पाणी पाजा.

इथल्या मुलांना खेळ शिकवावा लागत नव्हता. जिवतीच्या सणाला बांबूची गेडी तयार व्हायची आणि पोळ्यापर्यंत चिखलातून पोरे गेडीवरच फिरायची. गेडीवर तोल सांभाळताना घोटा, पोटरी, कंबर सगळे एकदम कामाला लागते. आम्ही व्यायामशास्त्रात महागडी साधने वापरून नेमके हेच करून घेतो. भामरागड-एटापल्लीकडे रेला नाच सुरू झाला की पोरंपोरी हातात हात गुंफून तास-तास एकाच ठेक्यावर फिरतात. रेला तर आजही आहे, पण अनेक शाळांत तो २६ जानेवारीला मंचावर पाच मिनिटे दाखवण्यापुरता उरला आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाला तो का नको, याचे समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेले नाही.

मोकळी संध्याकाळ वाघाने हिरावली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात पकडलेल्या सीटी-१ या वाघाने त्याआधी १३ माणसे मारली होती. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागात दिवस कलला की आया मुलांना हाका मारतात आणि दार लावून घेतात. त्यांना दोष कसा द्यायचा? घरात आल्यावर मोबाइल असतो. चंद्रपूर शहरात वाघाऐवजी धूळ आणि ऊन आहे. २९२० मेगावॉटचे वीज केंद्र, भोवती कोळसा खाणी, उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपुढे. धावताना मूल कितीतरी जास्त हवा आत घेते, म्हणून धुरकट सकाळी मैदानावर पळवणे मी टाळायला सांगतो.

मग उरते शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे, शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही आहे. पण सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तरच. धानोरा किंवा कोरची तालुक्यातल्या पंचवीस-तीस पटाच्या शाळेला हा निदेशक कधीच मिळणार नाही. नियम सगळीकडे सारखा आहे आणि त्यामुळेच जंगलातल्या शाळेला तो लागू होत नाही. शाळा सुटल्यावर खेळ ठेवावा, तर मुलींची ने-आण करणारी मानव विकास कार्यक्रमाची निळी बस घंटेबरोबर उभी असते. ती चुकली की जंगलातला रस्ता. म्हणजे लांबच्या मुलींसाठी ‘शाळेनंतरचा खेळ’ अस्तित्वातच नाही.

‘आदिवासी पोरं मुळातच काटक, त्यांना काय शिकवायचं?’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकतो आणि प्रत्येक वेळी मिशन शौर्यची आठवण करून देतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांच्या काटकपणाचे कौतुक खूप झाले. पण त्यामागे महिनोन्‌महिन्यांचे प्रशिक्षण होते, वेगळा आहार होता, जाणते प्रशिक्षक होते, हे मागे पडले. इतर आश्रमशाळांतल्या हजारो मुलांना यातले थोडे तरी मिळावे, ही मागणी मला एव्हरेस्टइतकीच मोठी वाटते. बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडासंकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. उत्तम मैदान आहे ते. पण भामरागडच्या मुलाला तिथे पोहोचायला अख्खा दिवस मोडतो.

मोठ्या पोरांचे वेगळेच. पहाटे गडचिरोलीच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर मुले-मुली पळताना दिसतात, ती पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जिद्द पाहून ऊर भरून येतो. मात्र कुणी शिकवणारे नसते, बूट झिजलेले, चार महिन्यांत सगळे मिळवायचे. मग नडगी दुखू लागते आणि हाडाला बारीक चीर गेलेली असतानाही पळणे थांबत नाही. भरती झाली किंवा हुकली, पळणे संपते. बारा वर्षांची असताना जिला कुणी पळवले नाही, तिला विसाव्या वर्षी चार महिन्यांत पळायला लावायचे, हा हिशेबच उलटा आहे.

करण्याजोगे पुष्कळ आहे. एका शाळा-केंद्रातल्या आठ-दहा शाळांत मिळून एक निदेशक फिरता ठेवता येईल. पटाची अट तालुक्यानुसार बदलता येईल. खेळाचा तास मधल्या सुटीच्या जेवणाआधीचा असावा, आणि त्याआधी मूठभर फुटाणे-गूळ तरी पोटात जावा. उन्हाळ्यात तो सकाळी पहिला असावा. त्या तासात मुलींना शाळेचे पाणी भरायला, अंगण झाडायला पाठवू नये. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला जातो, तो जाऊ नये. वेळापत्रकावर मुख्याध्यापकांची सही असते, आणि पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते वेळापत्रक मागून पाहावे.