बेटांचे पाहुणे

मोठ्या बंदराला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे अप्रूप नसते. तेथे रोज जहाजे लागतात, माल चढतो, माल उतरतो. कोण आले आणि कोण गेले, याची कुणी विचारपूस करीत नाही. लहान बंदराची गोष्ट निराळी. क्षितिजावर एखादे जहाज दिसू लागले की साऱ्या गावाला ते कळते. तेथे प्रवासी गाव पाहतो आणि गावही प्रवाशाला निरखीत असते.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओबान या बंदरातून उन्हाळ्यात लहान प्रवासी जहाजे बेटांच्या भेटीला निघतात. ते प्रदेश इतके उत्तरेकडे आहेत, की जून महिन्यात रात्रीचे दहा वाजून गेले तरी आकाशात उजेड रेंगाळत असतो. मल नावाच्या बेटावरील टोबरमोरी हे गाव १७८८ साली मासेमारीसाठी वसवण्यात आले. तांबड्या, पिवळ्या, निळ्या रंगांनी रंगवलेली त्याची घरे पाण्याच्या काठाशी ओळीने उभी आहेत. पावसाळी, करड्या आकाशाखाली हे रंग पाहिले म्हणजे खलाशाला घर जवळ आल्याचा किती दिलासा मिळत असेल, याची कल्पना येते.

तेथून जवळच स्टाफा हे चिमुकले, निर्जन बेट आहे. कुणी कुशल पाथरवटाने घडवून एकमेकांशेजारी उभे करावेत, तसे काळ्या दगडाचे असंख्य स्तंभ तेथे दिसतात. पुष्कळसे तर षट्कोनी आहेत. पण हे काम पाथरवटाचे नव्हे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारस पसरला. तो निवताना आकसला आणि त्याला भेगा पडून हे स्तंभ तयार झाले. हा दगड बेसॉल्ट जातीचा. आपला सह्याद्रीही याच जातीच्या दगडाचा, आणि मुंबईत अंधेरीला असलेली गिल्बर्ट टेकडी अशाच स्तंभांची बनलेली आहे. हजारो मैल दूर जाऊन प्रवाशाला आपल्याच डोंगरांचे भाऊबंद भेटावेत, ही केवढी नवलाची गोष्ट! स्टाफाच्या गुहेत लाट शिरली की आतून गंभीर नाद उमटतो. जर्मन संगीतकार मेंडेल्सन १८२९ साली या बेटावर आला होता. या सागरी प्रदेशाच्या दर्शनातून त्याची एक प्रसिद्ध संगीतरचना जन्माला आली.

याहून पश्चिमेला, बाहेरच्या बेटांच्याही पलीकडे सुमारे चाळीस मैलांवर, सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. तेथे पोचणे सर्वस्वी समुद्राच्या मर्जीवर असते. वारा फिरला तर बेट डोळ्यांसमोर असूनही जहाजाला उतारूंसह माघारी वळावे लागते. समुद्र शांत असेल तर जहाज खाडीत नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून हिर्टा या मुख्य बेटावर उतरतात. समोर एकच रस्ता आणि त्याच्या कडेने दगडी घरांची रांग! त्यांतील बहुतेक घरांवर आता छप्पर नाही.

या बेटावर शेकडो वर्षे माणसे नांदली. बेटावर एकही वृक्ष नव्हता आणि शेती जेमतेमच होती. पुरुष दोराच्या आधाराने उंच कड्यांवरून खाली उतरत आणि समुद्रपक्षी व त्यांची अंडी गोळा करीत. पक्षी हेच त्यांचे अन्न, पक्ष्यांचे तेल हाच दिव्याचा आधार, आणि जमीनदाराचा खंडही ते पिसांच्या रूपाने देत. पक्षी साठवण्यासाठी बांधलेल्या दगडी कोठ्या अजूनही बेटभर दिसतात. रोज सकाळी सारे पुरुष रस्त्यावर जमत आणि दिवसाचे काम एकविचाराने ठरवीत. हिवाळ्यात जहाज येईनासे झाले की ते लाकडाच्या लहानशा पोकळ नौकेत पत्र ठेवीत, तिला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधीत आणि ती समुद्रात सोडून देत. अशी कित्येक पत्रे खरोखरच किनाऱ्याला लागली!

१८७७ पासून उन्हाळ्यात आगबोटी नियमाने प्रवासी घेऊन येऊ लागल्या. प्रवासी लोकरी कापड विकत घेत, नाणी देत आणि बेटवासीयांकडे एखाद्या नवलाच्या वस्तूकडे पाहावे तसे पाहत. चार पैसे हाती आले, हे खरे; पण बाहेरच्या मदतीवाचून चालेना, हेही तितकेच खरे. प्रवाशांमुळेच बेट ओस पडले, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तरुण बाहेर निघून गेले, रोगराई आली, अन्नाची टंचाई भासू लागली आणि मागे राहिलेल्या थोड्या हातांना कामाचा भार पेलेना. अखेर बेटवासीयांनी स्वतःच सरकारला विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे बेट सोडून गेली. जाताना प्रत्येक घरात त्यांनी बायबल आणि ओटचे मूठभर दाणे ठेवले, असे सांगतात. ज्यांनी जन्मात झाड पाहिले नव्हते, त्यांतील काहींना पुढे जंगलखात्यात काम मिळाले!

आज हिर्टावर पाऊल ठेवणारा प्रवासी या रस्त्यावरून हळूहळू चालतो. कुणी न सांगताच त्याचा आवाज खाली येतो. बेटाचे खरे रहिवासी आता लक्षावधी समुद्रपक्षी होत. येथे मोठ्या जातीचे उंदीर नाहीत. एखाद्या होडीतून अशा उंदरांची एक जोडी जरी उतरली, तरी पक्ष्यांच्या अंड्यापिल्लांचा घात होईल. म्हणून येणाऱ्या बोटींच्या बाबतीत कडक दक्षता घेतली जाते.

पुढे ऑर्कनी बेटांवर जहाज येते तेव्हा चित्र पालटते. कर्कवॉल हे तेथील जिवंत, गजबजलेले गाव. ११३७ साली बांधायला घेतलेले तांबूस दगडाचे भव्य चर्च गावाच्या मध्यभागी उभे आहे. पण या बंदरात कधीकधी तीन-चार हजार प्रवाशांचे प्रचंड जहाजही येते. अरुंद रस्ते भरून जातात. दुकानदाराचा गल्ला भरतो. मात्र शाळेतून घरी निघालेल्या मुलाला वाट मिळत नाही. जवळच सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारलेले प्रचंड शिळांचे वर्तुळ आहे. पावलांनी तेथील गवत झिजून चिखल होतो, म्हणून वर्तुळाच्या आतील वाट अधूनमधून बंद ठेवावी लागते. बऱ्याच शिळा वादळांना तोंड देत आजही उभ्या आहेत. पण त्यांच्या पायथ्याची माती माणसांच्या कौतुकाने झिजते.

पाहुण्याने घरी येऊच नये, असे कोणतेही घर म्हणत नाही. ओसाड पडलेल्या हिर्टालाही पाहुण्यांचे वावडे नाही. परंतु ज्या घरात आपण जातो त्याचा उंबरठा केवढा, अंगण केवढे, याचे भान पाहुण्याने ठेवावे लागते. जो बेटावर सावकाश उतरतो, तेथील माणसांशी दोन शब्द बोलतो, दगड जागचा हलवीत नाही आणि भरतीची वेळ पाहून निरोप घेतो, त्याची पाठ वळली तरी बंदर त्याच्या जहाजाकडे बराच वेळ पाहत राहते.