पपीहा म्हणजे कोण रे भाऊ?

यंदा गॅदरिंगच्या अंताक्षरीत एक राऊंड होता, ‘पक्षी’. मेकॅनिकलवाल्यांनी ‘नाच रे मोरा’ने सुरुवात केली. (१९५३ च्या ‘देवबाप्पा’तलं, संगीत पु. लं.चं, हे मला त्या दिवशी कळलं. कॉन्व्हेंटवालीला माफ करा!) मग ‘मैंने प्यार किया’तलं कबूतर आलं, ‘दिल्ली-६’मधली मसक्कली आली, आणि ‘जत्रा’तली कोंबडी पक्षी धरायची की नाही यावर पाच मिनिटं भांडण झालं. आम्ही ई अँड टीसीवाल्यांनी पपीहा काढला. ‘गुड्डी’तलं वाणी जयराम यांचं गाणं आमच्या आईचं फेव्हरेट, त्यामुळे मला अख्खं पाठ. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "पण पपीहा म्हणजे नेमका कोण रे भाऊ?"

सगळे गप्प. जजसुद्धा.

रात्री रूमवर नेटवर बघितलं आणि उडालेच. पपीहा म्हणजे आमचा पावशा! शाळेत इंग्लिशच्या धड्यात ज्याला ब्रेनफीवर बर्ड म्हणायचे, तोही हाच. तीन सुरांची तीच हाक. हिंदीला तिच्यात ‘पी कहाँ’ ऐकू येतं, साहेबाला मेंदूचा ताप, आणि आमच्या मावळात ‘पेरते व्हा’. पक्षी बिचारा स्वतःच्या कामासाठी ओरडतो. त्यातून अंडी घालतो सातभाईच्या घरट्यात, म्हणजे प्रेम-विरह वगैरे यथातथाच. गाण्यातल्या पक्ष्याचं कुणी ऐकतच नाही, त्याच्या तोंडी आपलंच घालतात. बीटल्सच्या ‘ब्लॅकबर्ड’मध्ये (१९६८) निदान खऱ्या पक्ष्याचा आवाज तरी आहे.

पावशाचं खरोखर ऐकणारा एकच माणूस मला माहीत आहे. आमचे आबा.

आमचं गाव कामशेतच्या आत, नाणे मावळात. मे महिन्यात आबा ओट्यावर बसून रोज विचारायचे, "पावशा वरडला का?" तो ओरडला की भाताचं बियाणं काढायचं, धूळवाफेवर रोपं टाकायची. लहानपणी मला वाटायचं, आबांना वेधशाळेतून फोन येतो.

मागच्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेले तर आबा उदास. "औंदा पावशा न्हाई. समदीकडं बंगले झाले, गेला आसंल लोणावळ्याच्या पल्याड." आणि मागच्या आंब्यावर तो पहाटे चारपासून नुसता बोंबलत होता! पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी पप्पांकडे. कुणी काही बोललं नाही.

वयाबरोबर कानाच्या वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात, हे मी सबमिशनमध्ये लिहून मार्क मिळवलेत. मग म्हटलं, शिकलोय तर करून बघू. मोबाईलवर पावशा रेकॉर्ड केला, लॅपटॉपवर ऑडॅसिटीत टाकून पिच खाली आणला, हेडफोन आबांच्या कानाला लावला.

"ह्यो पावशा? ह्यो तर रेडा हाय!"

एवढं इंजिनिअरिंग, आणि रेडा. मग पिच होता तसा ठेवला आणि फक्त आवाज वाढवला. आबांनी डोळे मिटले. पहिली हाक, दुसरी, तिसरी... त्यांची मान हलायला लागली. पण पावशाची खोड अशी की तो प्रत्येक हाकेला सूर वर चढवत नेतो. स्क्रीनवर रेषा चढतच होत्या, आणि इकडे आबांची मान थांबली.

"थांबला का गं?"

मी स्क्रीनकडे बघितलं. तो अजून ओरडत होता.

"हो आबा, उडाला."

त्यांनी हेडफोन काढून नीट घडी घातल्यासारखा माझ्या हातात दिला आणि पप्पांना हाक मारली, "आरं, बियाणं काढ. वरडलाय त्यो."

बियाणं पप्पांनी दोन दिवस आधीच काढून ठेवलं होतं. ते म्हणाले, "काढतो आबा."