गवत कापणाऱ्या मशीनची वही

चिंचवड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसरला लॉगबुक, डीजी सेटला लॉगबुक. हिरवळ कापायच्या मशीनला मात्र कोणी वाली नव्हता. मेंटेनन्सवाले म्हणत ते बागेचं, बागेचा ठेकेदार म्हणे कंपनीचं. शेवटी ते मी आमच्या खात्यात घेतलं आणि वही घातली. माळीमामा रोज त्यात तास लिहितात.

तासच, कारण वर्षांवरून या इंजिनचं वय कळत नाही. बंगल्यातलं मशीन आठवड्याला अर्धा तास चालत असेल; आमच्या हिरवळीला एसटीपीचं (शुद्ध केलेलं सांडपाणी) पाणी बारा महिने मिळतं, गवत थांबत नाही.

इंजिन होंडाचं जीएक्स १६०, १६३ सीसी. याला ऑइल पंप नाही, ऑइल फिल्टर नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालचं पातं ऑइल उडवतं, तेवढंच वंगण. ऑइल जेमतेम अर्ध्या लिटरच्या वर, आणि झिजलेला धातू, जळका कार्बन सगळं त्यातच फिरत राहतं. पुस्तिका सांगते, पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. इथली धूळ बघून मी पन्नासलाच बदलतो. एवढ्याशा ऑइलवर पैसे वाचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

एअर फिल्टरचंही तेच. सिलिंडरची स्लीव्ह बिडाची आहे, पण बारीक धूळ आत गेली की रिंगा आणि स्लीव्ह दोन्ही खाते.

एकदा मामा म्हणाले, “साहेब, आज आवाज जड येतोय, तापतंय पण.” इंजिनवरचं काऊल उघडलं तर थंड ठेवणाऱ्या फिन्समध्ये गवत गच्च बसलेलं. मामांचा कान कुठल्याही मीटरपेक्षा आधी सांगतो.

वहीत आता दीड हजार तास झालेत. ठेकेदार म्हणाला, नवीन घ्या. मी दोरी ओढून दाखवली: कॉम्प्रेशन भक्कम, निळा धूर नाही. मग कशाला टाकायचं?

काळजी आहे ती पेट्रोलची. पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के, पंपावर मिळतं २० टक्क्यांचं. म्हणून खंडेनवमीच्या पूजेआधी ऑइलबरोबर पेट्रोलची नळी आणि गॅस्केटंही बघून घेतो. दिवाळीच्या सुट्टीआधी पेट्रोलचा कॉक बंद करून, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं, हे मामांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहून ठेवलंय.