न पाहिलेल्या यंत्रांसाठी

तुमचा फोन आणि माझा जुना लॅपटॉप एकच भाषा बोलत नाहीत. फोनमध्ये बहुतेक करून आर्म प्रोसेसर असतो, माझ्याकडे इंटेलचा. पण अँड्रॉइडच्या तळाशी असलेलं लिनक्स कर्नल दोन्हीकडे एकाच सोर्समधून बनतं. कोड एकदाच लिहायचा, प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा कंपाइल करायचा.

सुट्टीच्या दिवशी मी दुसऱ्यांचे पॅच घेऊन तेवढंच करून बघते. आर्म, पॉवरपीसी, आयबीएमच्या मेनफ्रेमचं एस३९०, आणि एम६८के, म्हणजे अमिगा-अटारीच्या जमान्यातलं मोटोरोलाचं घराणं. यातली बरीच यंत्रं मी फोटोतच पाहिली आहेत. क्रॉस-कंपायलर असला की यंत्र समोर लागत नाही.

‘अमिगावर हे चालवणार कोण?’ मैत्रीण विचारते. प्रश्न रास्त आहे.

बहुतेक वेळा काहीच घडत नाही. पंखा घरघरतो, ओळी सरकत राहतात. मग कधीतरी ६४ बिटांवर निमूट बनलेला पॅच ३२ बिटांच्या आर्मवर लिंक होताना अडतो. बघावं तर साधा भागाकार! ६४ बिटांचा आकडा थेट भागायची सोय त्या प्रोसेसरमध्ये नसते. कंपायलर ते काम एका मदतनीस फंक्शनवर ढकलतो, आणि कर्नलमध्ये ते फंक्शन मुद्दामच ठेवलेलं नाही. असा भागाकार महाग पडतो; करायचाच असेल तर त्यासाठीचं खास फंक्शन नाव घेऊन वापरा. मला हा हट्ट फार आवडतो. नवा लॅपटॉप असलेल्याला जो खर्च कधी जाणवलाच नसता, तो इथे दिसतो. आणि ३२ बिटांची यंत्रं काही संग्रहालयातच नाहीत, कुणाच्या तरी घरच्या स्वस्त राउटरमध्ये ती आजही चालू आहेत.

अर्थात कंपाइल झालं म्हणजे चाललं असं नव्हे. एस३९० आकड्यातले बाइट इंटेलच्या उलट क्रमाने ठेवतं. ते विसरून लिहिलेला कोडही बिनतक्रार कंपाइल होऊ शकतो.

गंमत म्हणजे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने ही सिस्टिम जाहीर केली, तेव्हा ती ३८६लाच बांधलेली आहे, दुसरीकडे नेता येणार नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. १९९५च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स आले, आणि पुढे यादी वाढतच गेली. ती कमीही होते: २०१८ साली ४.१७मधून एकदम आठ आर्किटेक्चर काढली. कुणी वापरत नाही, कुणी सांभाळत नाही, तर बाकीच्यांनी ओझं का वाहायचं? मला ते पटतं, तरी प्रत्येक वेळी थोडं लागतं.

६.७मध्ये आयटेनियम गेलं, इंटेलचंच एकेकाळचं मोठं स्वप्न. मी माझ्या स्क्रिप्टमधून त्याचं नाव काढलं. त्या रात्रीचं काम थोडं लवकर संपलं. एम६८के अजून यादीत आहे.